पान एकशे बारा

स्वान्सीच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही नऊजण जमतो.
सहाला हीटर बंद होतो, काटकसर म्हणून.
मग कोट घालूनच बसायचं
नेरिसच्या किटलीभोवती,
आणि एकेकाने सांगायचं, सध्या काय वाचतोय.

नेरिस तीन पुस्तकं एकदम वाचते,
एक न्हाणीघरात, एक उशाशी, एक बसमध्ये,
आणि माणसांची सरमिसळ करते.
मागच्या खेपेला खुनाच्या कादंबरीतला पाद्री
बागकामाच्या पुस्तकात शिरून गुलाब छाटत होता.
तफज्जुलमियाँ बस चालवण्याच्या परीक्षेचं पुस्तक वाचतात,
पण सांगतात असं रंगवून
की चौकातून आधी कोण जाणार
याची आम्हालाच धाकधूक.
ग्विलिम बोटांनी वाचतो.
थंडीत बोटं बधिरली की म्हणतो,
आज गोष्टीत धुकं आहे.

माझी पाळी आली की सगळे आधीच हसतात.
"एकशे बारा?"
"एकशे बारा."
मार्चपासून मी त्याच पानावर. आता ऑक्टोबर.
एवढ्यात गोगलगायसुद्धा बार्शीला पोचली असती.
कोणी लिहिलंय, असं विचारलं
तर म्हणते, बार्शीच्या एक बाई आहेत.
खोटं नाही. बार्शीच्याच आहेत,
आणि लहानपणी माझी वेणी घालायच्या,
इतकी घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या.

या गुरुवारी तफज्जुलमियाँ म्हणाले,
गोष्ट सांगत नाहीस, तर वाच तरी.
तुझ्या भाषेत. पाणी उकळेपर्यंत.

वाचलं.
त्या पानावर मे महिन्याची दुपार आहे,
मावसभावंडं, फोडलेलं कलिंगड,
आणि एक धाकटी, जिला
थोरलीची वही सापडलीय गादीखाली.
ती खुर्चीवर उभी राहते,
हातवारे करत, नाकात आवाज काढत
थोरलीच्या कविता वाचून दाखवते,
आणि सगळे बिया थुंकत लोळतात हसून.
मी भरभर वाचत गेले,
दुसऱ्याचं पत्र वाचावं तशी.
पान संपलं.

ग्विलिमने मान तिरकी केली.
"एक ओळ गाळलीस."
तुला कुठे मराठी येतं, मी म्हटलं.
"मराठी नाही येत. पण जिन्यात
पायरी नसली की पाय कसा पडतो,
तसा आवाज पडला तुझा."

किटलीचं बटण टक्कन उडालं. कोणी उठलं नाही.
मी ते पान परत काढलं, ओळीखाली बोट धरलं,
पहिलीतली मुलं धरतात तसं :
मधल्या दारात थोरली उभी होती,
हातात मिठाची वाटी घेऊन,
आणि बघत होती फक्त खुर्चीकडे.

मार्चपर्यंत मला माहीतच नव्हतं
ती तिथे होती.
बत्तीस वर्षं वाटायचं
कोणीतरी नंतर सांगितलं असणार.
विचारायची तर सोयच नव्हती, ती बोलायचीच नाही.
पुस्तक आलं तेही नुसतंच,
आत चिठ्ठी नाही,
पाकिटावर माझं नाव मात्र लग्नाआधीचं.

कोणी हसलं नाही.
कोणाला काही कळलंच नव्हतं म्हणा.
नेरिसने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
तफज्जुलमियाँ मात्र विचारात पडलेले.
"वाटी म्हणजे आमची बाटी?"
हो, म्हटलं. तीच.
"काय होतं तिच्यात?"
मीठ.
त्यांनी मान हलवली, आणि चहात
साखर घालता घालता थांबले.

बसथांब्यावर समुद्राचा वारा
पानं माझ्या आधी उलटू बघत होता.
बार्शीत तेव्हा रात्रीचा एक वाजलेला.
फोन करायची वेळ नव्हे.
एकशे तेरावर कोणीतरी
कलिंगडाची सालं गोळा करत होतं.
एकशे चौदावर गाय आली ती खायला.
एकशे एकोणीसच्या मध्यावर
माझा थांबा मागे गेला,
आणि मी बेल दाबली नाही.